गर्दीला म्हणे अक्कल नसते!

कुठल्या कॉन्सर्टला माणसं चिरडून मेली, की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पब्लिकला अक्कलच नाही यार!" मला या वाक्याचा भयंकर राग येतो.

सिद्धांत जुनाच आहे. गर्दीत शिरला की माणसाची बुद्धी गहाण पडते, असं गुस्ताव ल बाँ या फ्रेंच गृहस्थांनी १८९५ साली लिहून ठेवलं. तेव्हापासून आयोजकांची चंगळ आहे.

आता हे बघा. ३ डिसेंबर १९७९, अमेरिकेतलं सिनसिनाटी, 'द हू' या बँडचा कार्यक्रम. बहुतेक तिकिटांवर सीट नंबरच नाही, म्हणजे जो आधी घुसेल तो पुढे. बाहेर हजारो पोरं, उघडलेली दारं मोजकीच. ११ जण गेले. लगेच पोरं रानटी ठरली. पुढे नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने पोलिसांनी नोंदवलेले जबाब तपासले. घबराटीचा मागमूस फारसा नाहीच; त्या रेट्यातही लोक अनोळखी माणसांना हात देत होते!

स्टीफन रायशर आणि जॉन ड्रुरी हे मानसशास्त्रज्ञही तेच सांगतात : गर्दीत 'मी' मागे पडून 'आपण' पुढे येतं. आवडत्या गाण्यावर शेजारच्या अनोळखी माणसासोबत ओरडून गायलात ना कधी? तेच ते.

मग माणसं मरतात कशाने? दर चौरस मीटरला सहा-सात जण झाले, की अंग आपल्या ताब्यात राहत नाही. मागच्याला पुढचं दिसत नाही. उभ्याउभ्याच श्वास कोंडतो. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ ला असेच १० जण गेले. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची पोरं आत धावली, पुढे उतरत्या पायऱ्या. चौघं गेली. पावसात आडोशाला धावणं हा वेडेपणा?

आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्दही तसलाच. मारामारीसारखा! जणू लोकांनीच एकमेकांना ठरवून चिरडलं.

लोड वाढून सर्व्हर झोपला तर "युजर्स बेशिस्त आहेत" असं मॅनेजरला सांगून बघा. किती क्षमता धरली होती, हाच पहिला प्रश्न येईल. मग तिकिटं किती विकली, दारं किती उघडली, गाणं थांबवायचा अधिकार कुणाकडे होता, हे आयोजकांना का विचारायचं नाही?

पुढचं स्टँडिंग तिकीट काढायच्या आधी विचाराच. अक्कल पब्लिकला आहे. दारं मोजणाऱ्यांचं बोला.