विश्लेषण : मॅक्रोचे पुस्तक पाठ, तरी अर्थव्यवस्थेची बातमी का कळत नाही?

जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत भारताचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला. ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने रेपो दर आणि सीआरआर दोन्ही कमी केले. पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांत समग्रलक्षी अर्थशास्त्र, म्हणजेच ‘मॅक्रो’, शिकणाऱ्यांसाठी या बातम्या म्हणजे पुस्तकातली तीन प्रकरणे. तरीही व्याख्या तोंडपाठ असलेले विद्यार्थी बातमीवर प्रश्न आला की अडखळतात. असे का होते?

हा विषय आता कोणाकोणाला लागतो?

पूर्वी हा विषय प्रामुख्याने बीए आणि बीकॉमचा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे जिथे पर्याय उपलब्ध आहे, तिथे इतर शाखांचे विद्यार्थीही खुला वैकल्पिक विषय म्हणून अर्थशास्त्र घेऊ शकतात. एमपीएससी, यूपीएससी आणि बँकांच्या परीक्षांत तर तो टाळताच येत नाही. या परीक्षांत व्याख्येइतकेच तिचे ताज्या आकड्यांशी नाते विचारले जाते.

जीडीपीचा दर ८.२ की ८.७?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. ८.२ टक्के ही स्थिर किमतींनुसार, म्हणजे वास्तविक वाढ. चालू किमतींनुसार त्याच तिमाहीतली वाढ ८.७ टक्के होती.

एक साधे उदाहरण घेऊ. कॉलेजबाहेरच्या गाडीवर गेल्या वर्षी २० रुपयांचे १०० वडापाव रोज विकले जात. विक्री २,००० रुपये. यंदा २२ रुपयांचे १०२ वडापाव विकले जातात. विक्री २,२४४ रुपये. रुपयांत वाढ १२ टक्क्यांहून अधिक, पण वडापाव वाढले फक्त दोन टक्के. पहिली वाढ चालू किमतींची, दुसरी वास्तविक.

२०२५ च्या त्या तिमाहीत या दोन आकड्यांतील अंतर जेमतेम अर्ध्या टक्क्याचे होते, कारण किमती फारशा वाढल्याच नव्हत्या. कंपन्यांची विक्री, कामगारांचा पगार आणि सरकारचा कर हे सगळे चालू रुपयांत मोजले जाते. केंद्रीय अर्थसंकल्पाने २०२५-२६ साठी चालू किमतींनुसार १०.१ टक्के वाढ गृहीत धरली होती. त्यामुळे वास्तविक वाढ दमदार असूनही करवसुलीवर ताण येऊ शकतो. ‘जीडीपी इतका वाढला, मग पैसा हातात का दिसत नाही’ या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. दुसरा भाग उत्पन्नाच्या वाटपाचा. एकूण जीडीपीच्या आकड्यातून ते वाटप कळत नाही.

महागाई ०.२५ टक्के, मग मेसचे दर का उतरले नाहीत?

महागाईचा दर घटणे आणि किमती घटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १०० रुपयांची वस्तू एका वर्षात १०६ रुपयांना झाली आणि पुढच्या वर्षी १०६ रुपये २५ पैशांना. महागाईचा दर सहावरून पाव टक्क्यावर आला, पण वस्तू पुन्हा १०० रुपयांना मिळत नाही. दर शून्याखाली गेला तरच किमतींची पातळी खाली येते.

शिवाय हा आकडा सरासरीचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थ वर्षभरापूर्वीच्या तुलनेत स्वस्त झाले होते आणि जुन्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. त्यामुळे सरासरी खाली ओढली गेली. मेसच्या थाळीत मात्र भाजीबरोबर जागेचे भाडे, गॅस आणि आचाऱ्याचा पगारही धरलेला असतो.

सीआरआर आणि पैशाचा गुणक : सूत्र कुठे तुटते?

सर्वाधिक गोंधळ या प्रकरणात आहे. प्राथमिक पुस्तकांतले सूत्र सोपे आहे : एक भागिले राखीव प्रमाण. सीआरआर १० टक्के असेल तर बँका मूळ ठेवीच्या १० पट पैसा निर्माण करतात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ दरम्यान चार टप्प्यांत सीआरआर चारवरून तीन टक्क्यांवर आणला. सूत्रानुसार गुणक २५ वरून ३३ व्हायला हवा. प्रत्यक्षात भारतातील एकूण पैसा राखीव पैशाच्या पाच-सहा पटींच्या आसपास असतो. अमेरिकेत तर मार्च २०२० मध्ये हे बंधन शून्यावर आणले गेले. सूत्राप्रमाणे तिथे पैसा अनंत व्हायला हवा होता. तसे झाले नाही.

कारण सूत्रामागे काही गृहीतके आहेत. लोक रोख रक्कम घरी ठेवत नाहीत, बँका बंधनापेक्षा जास्त राखीव ठेवत नाहीत आणि कर्ज घ्यायला ग्राहक कायम तयार असतो, असे ते मानते. वास्तवात बँक आधी ग्राहकाची पत, मागणी आणि स्वतःचे भांडवल पाहते. कर्ज मंजूर झाले की त्यातून ठेव तयार होते.

त्यामुळे आज धोरणाचे मुख्य हत्यार व्याजदर आहे. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ दरम्यान रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ही १.२५ टक्क्यांची कपात पूर्णपणे ग्राहकापर्यंत पोहोचली, तर २० वर्षांच्या ३० लाखांच्या गृहकर्जाचा व्याजदर ८.५० वरून ७.२५ टक्के होतो आणि मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांवरून २३,७११ रुपयांवर येतो. सीआरआर कपातीने बँकांकडे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे झाले, त्याचा उपयोग ही कपात खालपर्यंत झिरपण्यास होतो.

आधारवर्ष बदलल्याने काय झाले?

फेब्रुवारी २०२६ पासून किरकोळ महागाईच्या निर्देशांकाचे आधारवर्ष २०१२ ऐवजी २०२४, तर जीडीपीचे २०११-१२ ऐवजी २०२२-२३ झाले. लोकांच्या खर्चाचे प्रमाण बदलल्याने नव्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटाही कमी झाला आहे.

परीक्षेच्या दृष्टीने इथे एक सापळा आहे. जुन्या मालिकेत निर्देशांक २०० च्या जवळ पोहोचला होता. नव्या मालिकेत तो १०० च्या आसपास सुरू होतो. याचा अर्थ किमती निम्म्या झाल्या असा नाही, फक्त मोजपट्टीचा शून्य बिंदू सरकला. जुन्या आणि नव्या मालिकेतले आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

मग अभ्यास कसा करावा?

पुस्तकातला मजकूर तीन गटांत विभागला तर काम सोपे होते. पहिला गट व्याख्यांचा. चालू आणि स्थिर किमती, निर्देशांक, तूट हे बदलत नाही, पक्के करावे. दुसरा गट आकड्यांचा. आधारवर्ष, रेपो, सीआरआर, वाटा हे पुस्तक छापले त्या दिवसापासून जुने होऊ लागते, ते रिझर्व्ह बँक आणि सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून तपासावे. तिसरा गट सूत्रांचा. त्यांच्या शेजारी गृहीतके लिहून ठेवावीत.

गुणकाचा प्रश्न आला तर सूत्र लिहावेच, गुण त्यालाच असतात. पण खाली दोन ओळींत गृहीतके आणि प्रत्यक्षातला फरक मांडला, तर उत्तर पूर्ण होते. उद्या कर्जाचा हप्ता ठरवताना किंवा पगारवाढीचे पत्र वाचताना उपयोगी पडतील त्या याच दोन ओळी.