तलावाकडे जाणारे पाणी

तानसा, मोडकसागर व भातसा हे जलाशय किती भरले, याची चौकशी मुंबईकर दर जुलै महिन्यात आस्थेने करतो. ते कोणत्या पाण्याने भरले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. भोवतालचे रान हेच त्या पाण्याचे पहिले गाळणे होते. १९७० साली तेथे अभयारण्य झाल्याने ते बऱ्याच अंशी टिकले. भातसेच्या खोऱ्याचे भाग्य एवढे थोर नाही. घाटातून उतरणारा नाशिक महामार्ग होताच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पाही शहापूर तालुक्यातून खुला झाला. रस्त्यामागोमाग ढाबे, गोदामे आणि शेतघरे येतात. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, मुरबाडकडेही, शेतघरांची ही हौस पोचली आहेच.

मृगाच्या पहिल्या सरी रस्त्यावरचे तेल, टायरांची झीज, उकरलेल्या टेकड्यांची माती, गोठ्यांतले शेण, शेतांतले खत असे सारे ओढ्यात लोटतात. मातीच्या कणांना चिकटून आलेले स्फुरद तळाशी साचते आणि पुढे शेवाळाला पोसते. गढूळपणा भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात तुरटीने खाली बसविता येतो; बिघडू लागलेला तलाव तुरटीने सुधारत नाही. पवईचा तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. आज त्याची ओळख जलपर्णी आणि सांडपाणी हीच आहे.

उपाय अवघड नाहीत. रस्त्याचे गटार ओढ्याला मिळते तेथे गाळ बसण्यासाठी कुंड, त्यापुढे वाळ्याच्या दाट रांगा, ओहोळांवर दगडी बांध, वस्तीत शोषखड्डे. खरी मेख देखभालीत आहे. कुंडातला गाळ दर मे महिन्यात उपसला नाही, तर पहिल्याच पुरात तो तलावात जाईल.

हा उपसा करायचा कोणी? उन्हाळ्यात ज्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्यांनीच मुंबईचे पाणी फुकट राखावे, असे म्हणणे निर्लज्जपणाचे आहे. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली आपल्या पाणलोटातील गावांशी करार केला, आणि पावसाच्या वाहत्या पाण्याचा बंदोबस्त करण्याचा खर्चही त्यात उचलला. प्रचंड गाळण केंद्र उभारण्यापेक्षा तो सौदा स्वस्त पडला. मुंबई महापालिकेनेही पाणीपट्टीतील ठरावीक वाटा खोऱ्यातील ग्रामपंचायतींकडे द्यावा, कुंडांच्या उपशाची मजुरी त्यातून स्थानिकांना मिळावी, आणि त्याच पैशातून त्या पाड्यांच्या नळयोजनाही आधी पुऱ्या व्हाव्यात.