शहर पाहायला कोण जाते?



हिवाळा आला की हेमलकशाला पाहुण्यांच्या गाड्या सुरू होतात. १९७३ साली बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प उभा केला. तो लोकांनी पाहावा, त्यातून शिकावे, याला माझी हरकत नाही. पण त्याच फेरीत माडिया बाईचा फोटो तिला न विचारता काढला जातो, याला आहे. शहर जंगल पाहायला येते. जंगलातली बाई शहर पाहायला कधी जाते?

जाते ती दवाखान्यात, कोर्टात, नाहीतर मोर्चाला. निव्वळ हिंडायला नाही. पुरुष ‘जरा चंद्रपूरला जाऊन येतो’ म्हणाला तर कोणी कारण विचारत नाही. बाईला मात्र ‘काय काम आहे?’ १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. चांगलेच झाले. पण बुडालेली मजुरी, पाणी, सरपण, पोरे यांचे अर्धे ओझे कोण उचलणार?

आणि सहल निघालीच, तर दाखवतात काय? एका संस्थेने आमच्या बायांना नागपूरला नेले. बाजार दाखवला, तलाव दाखवला. हे शहर गोंड राजा बख्त बुलंदशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले, हे कोणी सांगितले नाही. दिवसभरात बायांनी लघवीला कुठे जायचे, याचाही विचार कोणी केला नव्हता.

चंद्रपूरचेही तेच. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर या वेशींचा तट गोंड राजांचा. तिथली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधली. वाटाडे तिला नवऱ्यावर प्रेम करणारी पतिव्रता म्हणून रंगवतात. दत्तक रामशहा लहान असताना तिने राज्यकारभार चालवला, हे मात्र एका वाक्यात उरकतात. बाईचे प्रेम वारसा ठरते, तिचा कारभार नाही!

कोणी म्हणेल, राणीचे कसले कौतुक? ती काही मोळी वाहत नव्हती. खरे आहे. पण ज्या तटाखालून आपण दवाखान्याची चिठ्ठी घेऊन मान खाली घालून जातो, तो गोंडांनी बांधला, हे ठाऊक झाले की मान वर होते.

म्हणून मागणी साधी आहे. सहल बायांनी ठरवावी. मजुरी बुडेल तिची भरपाई सहलीच्या खर्चातच धरावी. त्या दिवशी चूल आणि पोरे पुरुषांनी सांभाळावी. माहिती माडियातून सांगणारी बाई सोबत असावी. आणि ‘काय काम आहे?’ असे कोणी विचारले, तर बेधडक सांगावे: काही काम नाही, शहर पाहायचे आहे.