नवा डॉक्टर, जुनी गोळी



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असल्या गोष्टी लिहितो. या खेपेस विषय जरा बांधाबाहेरचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने गुडघेदुखीवर लेखणी चालवावी हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हंगामात गटागटांतून हिंडताना आम्हाला उसाच्या रोगापेक्षा ऊसवाल्याचे दुखणेच जास्त ऐकावे लागते. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. आणि दहांतल्या सहांच्या खिशात गोळ्यांचे पाकीट. ते कुणी दिले विचारावे तर उत्तर ठरलेले, "पूर्वीच्या डॉक्टरांनी दिलेलं, तेच चालू हाय."

लिहायला कारण आमच्या घरातलेच घडले. आमचे मूळ गाव आंबा घाट उतरून खाली, रत्नागिरी तालुक्यात. आई अजून तिथेच असते. आंब्याची चार कलमे आणि परसातली गाय सोडून ती घाटावर यायला तयार नाही. गुडघ्यांनी बेजार. गावच्या जवळचे जुने डॉक्टर तीस वर्षे रात्री-अपरात्री धावून आले, त्यांच्याबद्दल वाईट बोलण्याची आमची लायकी नाही. ते थकले, दवाखाना बंद केला. कागद मात्र कसलाच नव्हता. सगळे त्यांच्या डोक्यात आणि आईच्या डब्यात.

सहा महिन्यांनी आईचे पाय सुजू लागले. आम्ही सुट्टी काढून गेलो आणि तिला रत्नागिरी शहरात एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. वय तिशीच्या आतबाहेर. आईने दारातच आमच्या कानात सांगितले, "ह्या पोरीला काय कळतंय रे माझ्या गुडघ्याचं?" बाईंनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि विचारले, "आजी, कुठल्या गोळ्या घेता?" आई म्हणाली, "एकच. गुलाबी." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या घरातला सगळा डबा घेऊन या. मलमसुद्धा."

दुसऱ्या दिवशी डबा टेबलावर उपडा केला. दुखण्याच्या गोळ्यांची चार पाकिटे निघाली. नावे चार, रंग चार, पण बारीक अक्षरात तिघांवर औषध एकच, डायक्लोफेनॅक. एक जुन्या डॉक्टरांची, एक दुकानदाराने "हीच, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दिलेली, एक मुंबईहून आलेल्या भाच्याची. दुखले की आई आलटून पालटून घ्यायची आणि तिच्या हिशेबी ती एकच गोळी होती. शिवाय रक्तदाबाची गोळी होती, लघवी सुटण्याची होती. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला.

हे असे का होते ते बाईंनी समजावून सांगितले आणि नंतर आम्हीही थोडे वाचले. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज आणि वेदना त्यांच्यामुळे वाढते. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या ही द्रव्येच तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले. त्या कामासाठी १९८२ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. पाटाचे दार वरच बंद केले तर बांधावरचे तण सुकते खरे, पण खालचा वाफाही कोरडा पडतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी अशी तिन्ही एकत्र आली, वर उन्हातान्हात पाणी कमी प्यायले, तर मूत्रपिंड आणखी अडचणीत येते. उसात भर दुपारी पाणी पाजणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आता आमचे मत. नवा डॉक्टर जुनी गोळी बदलतो म्हणजे त्याला कळत नाही, असा जो आपल्याकडे समज आहे तो चुकीचा आहे. आम्ही एखाद्या प्लॉटवर नव्याने जातो तेव्हा पहिले काय विचारतो? जात कोणती, ८६०३२ की २६५? लागण कधीची? आतापर्यंत खत काय काय दिले? सभासद म्हणतो, "बेताचंच." मागच्या खोलीत युरियाची रिकामी पोती दिसत असतात. मग आमचा सल्ला चुकतो आणि बोल आम्हाला लागतो. डॉक्टरपुढे आपण अगदी हेच करतो. हकिमाची पुडी लपवतो, कारण डॉक्टर रागावतील. संध्याकाळची दारू लपवतो, कारण बायको शेजारी बसलेली असते. पॅरासिटामॉल ही एरवी बरीच निर्धोक गोळी. पण दिवसात चार ग्रॅमच्या वर गेली तर यकृत धोक्यात येते, आणि रोज पिणाऱ्याला त्याहून कमी मात्रेतही जपावे लागते. डॉक्टरला दारू कळलीच नाही तर त्याने मात्रा ठरवावी कशी?

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. बाजारात मिळणाऱ्या पुडीने त्यांची सांधेदुखी जादूसारखी गेली होती. वर्षभर खाल्ली. तोंड गोल झाले, लोक म्हणाले तब्येत सुधारली. नव्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा पुडीचा शब्द काढला नाही आणि घरी येऊन ती एकदम बंद केली. आठवड्यात उलट्या, चक्कर, उठवेना. पुडीत स्टेरॉइड होते. स्टेरॉइड बरेच दिवस घेतले की शरीर आपले स्वतःचे बनवणे कमी करते. ते पायरी-पायरीने उतरवावे लागते, एकदम तोडले तर जिवावर बेतते. वाचले म्हणून आज लिहिता येते. तेव्हा कोणती गोळी उद्यापासून बंद आणि कोणती हळूहळू, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारलेच पाहिजे. बऱ्याच दिवसांच्या ट्रामाडॉललाही हेच लागू. ती २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नये.

औषधे बदलतात त्याला शास्त्रातली कारणे असतात. रोफेकॉक्सिब ही गोळी एके काळी पोटाला सोसणारी म्हणून गाजली. हृदयविकाराचा धोका दिसून आल्यावर २००४ साली ती कंपनीनेच जगभरातून मागे घेतली. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना द्यायचे नाही असे २०११ साली ठरले.

आणि हे नुसते माणसांपुरते नाही. आपल्या बैलांचे बघा. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या कासेला पूर्वी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सर्रास दिले जाई. ते जनावर मेले की गिधाडे येत, मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून हे २००४ साली उघड झाले. २००७ पर्यंत आपल्या देशात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांत एखादेच उरले होते. आमच्या लहानपणी कोकणात माडांवर बसलेली गिधाडे आम्ही पाहिली आहेत. पुढे ती दिसेनाशी झाली आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला ती वाचवण्यासाठी खटपट करावी लागली. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद करण्याचा आदेश २००६ साली निघाला. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच केले. २०२३ साली जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही बंद झाले. नवा पशुवैद्य मेलॉक्सिकॅम देतो तेव्हा आपला सभासद कुरकुरतो, "जुनं लई पावरबाज होतं." होते खरे. मेलॉक्सिकॅमनेही बैलाची सूज उतरते आणि गिधाड मरत नाही, एवढाच फरक आहे.

सगळा दोष रोग्याचा असेही आम्ही म्हणत नाही. वर मान न करता चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर आम्हीही पाहिले आहेत. "वयामुळे दुखणारच" म्हणून वाटेला लावणारे पाहिले आहेत. तिथे सभासदाने नंदीबैलासारखी मान हलवून उठू नये. पण नुसते "लई दुखतंय" म्हणूनही भागत नाही. विहिरीच्या चार पायऱ्या चढलो की बसावे लागते, रात्री कूस बदलताना जाग येते, सकाळी अर्धा तास बोटे वळत नाहीत, असे कामाच्या भाषेत सांगावे. त्यावरून डॉक्टरला झीज कोणती आणि संधिवात कोणता याचा अंदाज येतो. नवी गोळी किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे विचारावे. शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली, पाय सुजले, छातीत दुखले तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. आणखी एक. पावसाळ्यात तापाबरोबर पोटऱ्या आणि कंबर ठणकत असेल तर ते कामाचे अंगदुखणे समजून गोळी खाऊन दाबू नये. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणातल्या भातखाचरात आहे, आणि उसात उंदीर काही कमी नाहीत.

सर्वांत वाईट स्थिती तोडणीवाल्यांची. बीडकडून आलेल्या कोयत्याला दर हंगामाला नवा डॉक्टर. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून पहाटे गोळी खाऊनच माणूस फडात उतरतो. जुना कागद गावी. यावर आमची संचालक मंडळाला विनंती आहे की गट कार्यालयातून प्रत्येक टोळीला आणि मागेल त्या सभासदाला एक जाड पाकीट द्यावे. त्यात चिठ्ठ्या, तपासणीचे कागद, रिकामी झालेली गोळ्यांची पाने. माती परीक्षणाचे कागद ठेवायला आपण पाकिटे देतोच. खर्च फार नाही.

आईचे सांगायचे राहिले. चारही पाकिटे बंद झाली. घड्याळाप्रमाणे पॅरासिटामॉल, वरून लावायचे मलम, मांडीचा व्यायाम आणि हातात काठी. पायांची सूज तीन आठवड्यांत उतरली. क्रिएटिनिन खाली आले, पण पूर्वीइतके नाही. बाई म्हणाल्या, तेवढे आता धरूनच चालायचे. गुडघे पहिल्यापेक्षा जास्त दुखतात असे आई म्हणते, आणि ते खोटे नसावे. गेल्या भेटीत तिने ते बाईंना आमच्यादेखत ठणकावून सांगितले. बाईंनी मान्य केले, व्यायाम बदलून दिला आणि महिन्याने बोलावले आहे. डबा बरोबर घेऊन.