रुग्णवाहिकेपुढे पोलिस : अपवाद की उपाय?

मुंबई - ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यात अवयवदान झालेल्या एका महिलेचे हृदय विमानाने मुंबईत आणण्यात आले आणि विमानतळावरून रस्त्याने मुलुंडच्या रुग्णालयात पोहोचविण्यात आले. चौकाचौकांत पोलिस उभे होते, सिग्नल रोखलेले होते आणि एरवी रडतखडत पार होणारे अंतर रुग्णवाहिकेने न थांबता कापले. 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द तेव्हापासून मुंबईकरांच्या परिचयाचा झाला. या घटनेला दहा वर्षे पूर्ण होत असतानाच, जुलै २०२५ च्या अखेरीस, पालघर येथे जखमी झालेल्या एका महिलेला मुंबईकडे नेणारी रुग्णवाहिका मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील कोंडीत काही तास अडकून पडली. मुंबईतील रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. हृदयासाठी रस्ता मोकळा होतो, तर रुग्णासाठी का होत नाही? प्रत्येक गंभीर रुग्णाच्या पुढे पोलिसांची गाडी का दिली जात नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

पूर्वसूचनेचे बळ

ग्रीन कॉरिडॉर यशस्वी होतो तो पुढे धावणाऱ्या पोलिसांच्या गाडीमुळे नव्हे, तर हाती असलेल्या पूर्वसूचनेमुळे. मेंदूमृत्यू जाहीर होणे, नातेवाइकांची संमती, विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडून प्रतीक्षा यादीनुसार अवयवाचे वाटप आणि नंतर शस्त्रक्रिया, या क्रमात काही तास जातात. हृदय शरीराबाहेर काढल्यानंतर साधारणतः चार तासांत त्याचे प्रत्यारोपण व्हावे लागते. यकृताला त्याहून अधिक आणि मूत्रपिंडाला बराच अधिक अवधी मिळतो. त्यामुळे निघण्याची वेळ, मार्ग आणि मुक्कामाचे ठिकाण आधीच ठरलेले असते. वाहतूक नियंत्रण कक्ष त्यानुसार प्रत्येक चौकात कर्मचारी नेमतो, बिनतारी यंत्रणेवरून वाहनाचा ठावठिकाणा पुढे कळवत राहतो आणि रुग्णवाहिका येण्याच्या काही क्षण आधी वाहतूक थांबवतो.

हृदयविकाराचा झटका किंवा अपघात अशी पूर्वसूचना देत नाही. राज्यात '१०८' क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांच्याखेरीज रुग्णालयांच्या, पालिकांच्या, संस्थांच्या आणि खासगी मालकांच्या रुग्णवाहिका वेगळ्याच. या प्रत्येक फेरीसाठी चौकाचौकांत पोलिस उभे करायचे म्हटले, तर त्या दिवसापुरते अन्य काम बंदच ठेवावे लागेल. एकाच वेळी चार दिशांनी चार रुग्णवाहिका निघाल्या, तर कोणाचा सिग्नल आधी रोखायचा, हा पेचही आहेच.

सोबतीचा धोका

रुग्णवाहिकेपुढे एकच पोलिस वाहन देणे हा मधला मार्ग अनेकांना पटतो. प्रत्यक्षात चौक मोकळे न करता दिलेली अशी सोबत धोक्याची ठरू शकते. सायरन वाजवीत एक वाहन चौकातून गेले, की थांबलेले वाहनचालक 'गेली एकदाची' असे समजून गाडी पुढे काढतात. त्यांच्या समोर येते ती मागून वेगाने आलेली रुग्णवाहिका. दोन्ही सायरन एकमेकांत मिसळल्याने दुसरे वाहनही आहे, हे लक्षात येत नाही. म्हणूनच आपत्कालीन वाहनचालकांच्या प्रशिक्षणात, विशेषतः अमेरिकेत, पोलिसांची सोबत शक्यतो टाळावी, असे शिकविले जाते. चालकाला रस्ताच ठाऊक नसेल, तर ती घ्यावी. तीही पुरेसे अंतर राखून.

सायरनमुळे वाचणारा वेळही समजतो तितका नसतो. अमेरिकेतील ग्रीनव्हिल शहरात झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक सरासरी ४३.५ सेकंदांचा आढळला. मुंबई-पुण्याच्या गर्दीला तो आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, हे उघड आहे. तथापि तेथील आपत्कालीन सेवेतील प्रमुख संघटनांनी २०२२ मध्ये एकत्रितपणे, सायरन आणि दिव्यांचा वापर खरोखर गरज असेल तेव्हाच करावा, अशी भूमिका घेतली, ती अशाच अनुभवांतून.

वेगाचा परिणाम गाडीच्या आतही होतो. खड्डे चुकवीत, वळणे घेत धावणाऱ्या वाहनात रुग्णाची छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवणे, सलाईनची सुई लावणे ही कामे अवघड होतात. डॉक्टर आणि मदतनीस बहुतेक वेळा उभे किंवा पट्टा न लावता बसलेले असतात. 'जरा जोरात घ्या', असा नातेवाइकांचा आग्रह समजण्यासारखा असला, तरी प्रत्येक रुग्णाला वेगाचा लाभ होतोच, असे नाही. आतून रक्तस्राव होत असलेला जखमी किंवा पक्षाघाताचा रुग्ण यांच्या बाबतीत मिनिटे मोलाची असतात. प्रकृती स्थिर असलेल्या, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात चाललेल्या रुग्णाला मात्र संथ, बिनधक्क्याचा प्रवासच हिताचा. हा निर्णय चालकाने किंवा नातेवाइकांनी नव्हे, तर गाडीतील डॉक्टरांनी घ्यायला हवा.

कायदा आहे, सवय नाही

रस्त्यावरील अग्रक्रमाचा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडविला आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका आणि पोलिस वाहन असा क्रम लावून दिला आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीची. लाल सिग्नलला सर्वांत पुढे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराने रुग्णवाहिकेसाठी थांबारेषा ओलांडावी, तर कॅमेऱ्यातून चलन येण्याची धास्ती. न ओलांडावी, तर मागे सायरन. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी रेषा ओलांडणाऱ्याला दंड होणार नाही, हे पोलिसांनी जाहीरपणे सांगितले, तरी अनेक चौकांतील घुटमळ थांबेल.

दुसरी अडचण विश्वासाची. आत रुग्ण नसताना सायरन वाजविणाऱ्या गाड्या पाहिल्यामुळे अनेक वाहनचालक खऱ्या सायरनकडेही काणाडोळा करतात. सायरनच्या गैरवापरावर कारवाई करणे म्हणजे रुग्णवाहिकेच्या विरोधात जाणे नव्हे. सायरनची पत त्यामुळेच टिकेल.

मग करायचे काय? पोलिस बंदोबस्तासह ग्रीन कॉरिडॉर अवयव वाहतुकीसाठी आणि डॉक्टरांनी तसे लेखी कळविलेल्या मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. उर्वरित रुग्णांसाठी '१०८'चा कक्ष आणि वाहतूक नियंत्रण कक्ष एकमेकांशी जोडले जावेत. रुग्णवाहिकेचे ठिकाण पडद्यावर दिसत असेल, तर पुढचा सिग्नल कक्षातूनच हिरवा करता येतो. त्यासाठी गाडीपुढे गाडी धावण्याची गरज नाही. रस्त्याला पर्यायही शोधता येतो. हैदराबादेत जानेवारी २०२५ मध्ये एक हृदय मेट्रोतून १३ किलोमीटर अंतरावर १३ मिनिटांत नेण्यात आले. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांत आज मेट्रो धावते.

पालघरच्या घटनेचा धडा मात्र याहून वेगळा आहे. त्या दिवशी रुग्णवाहिकेपुढे पोलिसांची गाडी असती, तरी किलोमीटरभर अडकून पडलेल्या अवजड वाहनांतून ती वाट काढू शकली असती का, याची शंकाच आहे. गंभीर जखमीवर उपचारांची सोय जवळ नसल्याने त्या महिलेला सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील मुंबई गाठण्यासाठी निघावे लागले, हे दुखण्याचे मूळ आहे. महामार्गालगतच्या जिल्ह्यांत अपघात उपचार केंद्रे उभी राहत नाहीत, तोवर रुग्णवाहिकेला कितीही वाट दिली, तरी ती वाट लांबचीच राहणार आहे.