चेंडू हुकला म्हणून मुलावर ओरडू नका

सुटीच्या दिवशी धाराशिवच्या श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलावर जा, की एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या पटांगणावर, मुलांचे क्रिकेट चालू असते आणि कडेला पालक उभे असतात. चेंडू हुकला की ओरड होते, "लक्ष कुठं आहे तुझं?" काही पालक तर मुलाला दवाखान्यात आणून, "डॉक्टर, एखादं टॉनिक लिहून द्या," म्हणतात. आजचा लेख त्यांच्यासाठी.

आधी हिशोब पाहू. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे सुमारे 20 मीटर. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला कळून हात हलू लागेपर्यंतच सुमारे 0.2 सेकंद जातात. त्यामुळे मुरलेला फलंदाज चेंडू हातातून सुटतानाच टप्प्याचा अंदाज घेतो आणि नजर आधीच तिथे नेतो. हा अंदाज हजारो चेंडू खेळून, त्यातले कितीतरी हुकवूनच येतो. तो बाटलीत मिळत नाही.

आपल्या शालेय स्पर्धांत बेसबॉलही असतो. त्यात बॅट गोल आणि चेंडू टप्पा न घेता येतो. अमेरिकेच्या टेड विल्यम्सची 1941 च्या हंगामातील सरासरी .406 होती. म्हणजे दहा वेळांपैकी सहा वेळा त्याला अपयशच आले. तरी तो थोर फलंदाज मानला जातो.

ओरडल्याने काय होते? मूल घाबरते, छाती धडधडते, मूठ आवळली जाते, खांदे ताठरतात. बॅट उशिरा फिरते आणि पुढचाही चेंडू हुकतो.

1989 मध्ये सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर लागून रक्त आले, तरी सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर खेळत राहिला आणि त्याने 57 धावा केल्या. हे उदाहरण देऊन मुलाला हिणवू नका. त्यामागे शिवाजी पार्कवर आचरेकर सरांनी करून घेतलेला कित्येक वर्षांचा सराव होता. आणि सीझनच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलाला हेल्मेट द्याच.

मूल वारंवार हुकत असेल, तर डोळे तपासा. पुस्तक जवळ धरणे, डोळे बारीक करून फळा पाहणे, टीव्हीच्या जवळ बसणे ही दृष्टिदोषाची लक्षणे असू शकतात. एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर लांबून वाचायला लावा. शंका आली तर सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवा. ज्याला आपण वेंधळा म्हणतो, त्याला कदाचित फक्त चष्मा हवा असतो.

रोज बोलणी खाणारे मूल एक दिवस खेळायला जाणेच सोडते. चेंडू हुकल्याने कोणाची प्रकृती बिघडत नाही. मैदान कायमचे सुटलेली माणसे मात्र चाळिशीत मधुमेह आणि रक्तदाब घेऊन माझ्यासमोर बसलेली असतात.