सावली कोणाच्या मालकीची?

दोहा शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. वातानुकूलित दालनात बसणाऱ्याला तो केवळ आकडा वाटतो. तापलेल्या सळया बांधणाऱ्या मजुराला तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. हे मजूर बहुतांशी भारत, नेपाळ, बांगलादेशातून आलेले आपलेच श्रमिक बांधव आहेत.

२०२१ साली कतार सरकारने नियम केला : १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरील काम बंद; आणि उष्मा, दमटपणा, ऊन व वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांवर गेल्यास कोणत्याही वेळी बंद. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. आखाताची हवा दमट; तेथे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. म्हणूनच नुसते घड्याळ पाहून भागत नाही.

जिवाला धोका वाटल्यास काम थांबविण्याचा हक्कही मजुराला दिला आहे. परंतु तो बजावणार कसा? हजेरीपट मालकाच्या हाती, वास्तव्याचा परवाना मालकाशी बांधलेला आणि परदेशी मजुराला संघटना स्थापण्यास मज्जाव! एकट्या माणसाने हे धैर्य कोठून आणावे?

श्रमिकांच्या घामातून येणारे परकीय चलन आपल्या सरकारला हवे असते. मग संघटनेचा हक्क ही करारातील पहिली अट असावी, असा आग्रह त्याने धरलाच पाहिजे. संघटनेवाचून मिळालेली सावली मालकाच्या मर्जीवरच टिकते.